बोलपटाची यंत्रे आणि कलाभवनाचा धडा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी चित्रपट बोलू लागला. अर्देशिर इराणी यांना त्याचे श्रेय मिळाले, ते योग्यच झाले. पण ज्या यंत्राने तो आवाज फितीवर उतरवला, त्या टॅनार यंत्राचे नाव क्वचितच निघते. बोलपटाचा इतिहास आपण नटनट्या आणि गाणी यांच्या अंगाने सांगतो. यंत्रे कोणी घडवली आणि आपल्याकडे कोणी हाताळली, या अंगाने तो पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या कारागिरांची बुद्धी कमी पडली नाही. कमी पडली ती त्या बुद्धीला प्रयोगशाळेची जोड देणारी संस्था. तशा संस्थेचा पाया बडोद्यात चाळीस वर्षे आधीच घातला गेला होता.

सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू केले. तंत्रविद्या देशी भाषेतून आणि प्रत्यक्ष काम करून शिकवायची, असा तिथला आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. त्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा कोऱ्या फितीला कडेची भोकेसुद्धा घरी पाडावी लागत. सरस्वतीबाई ते काम अंधारात बसून करत. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेराच घडवला. मूकपटाचे यंत्र म्हणजे भिंग, दातेरी चाके आणि हाताने फिरवायचा दांडा. कसबी हाताच्या आवाक्यातलेच ते होते.

आवाज आला आणि यंत्र या आवाक्याबाहेर गेले. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी डोळा सांभाळून घेतो. कान तसे करत नाही. वेग हलला की सूर हलतो. म्हणून सेकंदाला २४ चौकटी हा पक्का वेग ठरला आणि दांड्याच्या जागी विजेची मोटर आली. मायक्रोफोनमधून निघालेली क्षीण वीजलहर व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरने वाढवायची, तिच्या चढउतारानुसार प्रकाशाची तिरीप बदलायची आणि त्या तिरिपीने फितीच्या कडेला आवाजाचा पट्टा उमटवायचा, असा हा खटाटोप होता. टॅनार यंत्र चित्र आणि आवाज एकाच फितीवर घेत असे. ३५ मिलिमीटरच्या फितीवर आवाज आपल्या चित्राच्या २० चौकटी पुढे असतो. त्यामुळे चित्र पाहून कात्री लावली की शब्द तुटतो. ‘आलम आरा’चे बरेचसे चित्रण रात्री, शेजारच्या रुळांवरची रहदारी थांबल्यावर झाले. फितीवर एकदा पडलेला खडखडाट मागाहून निपटून काढण्याची सोय नव्हती.

अमेरिकेत तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि आरसीए यांचा दबदबा होता. त्यांच्यामागे टेलिफोन आणि रेडिओच्या प्रयोगशाळा होत्या, पेटंटे होती. आपल्या पहिल्या बोलपटांना आवाज दिला तो मुख्यतः टॅनार, ऑडिओ कॅमेक्स अशा लहान उत्पादकांच्या यंत्रांनी. इराणींकडे विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला. तो दिवसाला शंभर रुपये घेई, अशी आठवण इराणींनी पुढे सांगितली आहे. ती रक्कम परवडणारी नव्हती, म्हणून इराणी आणि रुस्तम भरुचा यांनी स्वतः यंत्र शिकून ध्वनिमुद्रण केले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून ‘प्रभात फिल्म कंपनी’मध्ये आवाजाची बाजू सांभाळली ती दामले यांनी. ज्या हातांनी कॅमेरा घडवला, ते हात आता विकत आणलेले यंत्र चालवत होते. कसब तेच होते, पण यंत्रात व्हॉल्व्ह आणि वीजमंडले आली होती, आणि ती विद्या पेंटरांच्या कार्यशाळेत मिळण्यासारखी नव्हती.

यावर कोणी म्हणेल की आपली बाजारपेठ लहान होती, व्हॉल्व्ह इथे बनत नव्हते, मग यंत्र विकत घेणे हेच शहाणपण. १९३१ पुरते ते खरे आहे. पण आवाजाच्या यंत्रांची गरज स्टुडिओपुरती नव्हती. त्याच सुमारास मोटवाने यांची ‘शिकागो रेडिओ’ ही कंपनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत होती. मागणी होती, ते काम जाणणारी माणसेही होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्र कुणाचेही असो, कलाकृती आपली असली की पुरे. ‘संत तुकाराम’ला १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव मिळाला, तेव्हा यंत्र कुठले हे कोणी विचारले नाही. हे मान्य. कला यंत्रासाठी थांबत नाही. पण ज्याला यंत्र बदलता येत नाही, त्याला यंत्राच्या मर्यादा निमूटपणे स्वीकाराव्या लागतात. रात्री गाड्या थांबण्याची वाट पाहणे हा इराणींच्या जिद्दीचा पुरावा आहे, तसाच तो या परावलंबनाचाही आहे.

कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेचा भाग आहे. ‘प्रभात’च्या आवारात पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. या दोन वारशांनी एकत्र येऊन जुन्या ध्वनियंत्रांचा अभ्यास हाती घ्यावा. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, निदान त्या काळची यंत्रे तरी वाचवायला हवीत. जुन्या चित्रपटगृहांच्या मालकांना विनंती एवढीच की, माळ्यावर पडलेले अँप्लिफायर आणि प्रोजेक्टर भंगारात काढू नका. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी विचारा.