पठारावरची रॅकेट

बॅडमिंटनची रॅकेट विकत घेणारा माणूस दुकानात काय काय करतो, ते बघण्यासारखं असतं. आधी तो ती हातात तोलतो. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून दोन-तीनदा सपकन हवेत फिरवतो आणि आवाज ऐकतो. अंगठ्यानं तारा दाबतो. शेवटी विचारतो, "काका, हिच्यानं स्मॅश बसेल ना?" काका म्हणतात, "बसेल की! हेड हेवी आहे." झाला सौदा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठंही जा, बोलणं एवढंच. ज्या गावात ही रॅकेट चालणार आहे, त्या गावाच्या हवेबद्दल ना घेणारा विचारतो ना देणारा सांगतो.

आणि आपल्याकडं तर हवाच निम्मा खेळ खेळते.

धाराशिव बालाघाटच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर. एवढ्या उंचीवर हवा मुंबईपेक्षा सात-साडेसात टक्के विरळ असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा तापल्यामुळं ती आणखी पाच टक्के पातळ होते. म्हणजे मुंबईत पंचवीस अंशांवर खेळणाऱ्याच्या मानानं आपला खेळाडू उन्हाळ्यात बारा टक्के कमी हवेत खेळतो. क्रिकेटच्या चेंडूला याचं फार काही वाटणार नाही. बॅडमिंटनचं फूल मात्र नियमानंच ४.७४ ते ५.५० ग्रॅम वजनाचं आणि सोळा पिसांचं. त्याला अडवणारं हवेशिवाय दुसरं काहीच नाही. हवा पातळ झाली की तोच हात, तोच फटका, आणि मागच्या रेषेवर पडायचं फूल जवळपास मीटरभर पुढं जाऊन पडतं. खेळणारा म्हणतो, आज अंदाज चुकतोय. अंदाज मुंबईच्या फुलाचा असतो, एवढंच.

म्हणून फुलांच्या नळीवरचा आकडा आधी बघावा. पिसांच्या फुलांवर ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. काही कंपन्या १ ते ५ लिहितात. आकडा लहान तितकं फूल संथ. समुद्रकाठी ७७ चालतं, आपल्याकडं ७६, आणि कडक उन्हाळ्यात ७५. प्लॅस्टिकच्या फुलांना रंगीत पट्टी असते: हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. उन्हाळ्यात हिरवी घ्यावी. खात्री करायची तर नियमातली चाचणी सोपी आहे. एका बाजूच्या मागच्या रेषेवर उभं राहून पूर्ण जोरात, खालून वर फूल मारायचं. ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या अलीकडं ५३ ते ९९ सेंटिमीटरच्या टप्प्यात पडलं तर ठीक. रेषेबाहेर गेलं तर सरावापुरती पिसांची टोकं बाहेरच्या बाजूला किंचित दुमडतात, फूल मंदावतं. सामन्यात हे चालत नाही. कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होऊन दोन फटक्यांत मोडतात, म्हणून जुने खेळाडू आदल्या रात्री नळीला जराशी वाफ देऊन ठेवतात. दुष्काळी पट्ट्यात हा उपाय मुंबईपेक्षा जास्त उपयोगाचा.

एवढं फुलाविषयी बोललो, कारण रॅकेटची निवड तिथूनच सुरू होते. ज्या हवेत फूल आधीच लांब पळतं, तिथं विकत आणायची गोष्ट ताकद नव्हे, ताबा. आपल्याकडच्या खेळाडूनं हेड हेवी रॅकेटच्या मागं लागणं मला म्हणूनच उलटं वाटतं.

आता ही ताकद आणि हा ताबा रॅकेटच्या कुठल्या भागात असतो ते बघू. नियमानं रॅकेटची लांबी ६८० मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटरच्या आत. या मापात ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम वस्तुमान कुठं किती ठेवायचं, हाच सगळा कारागिरीचा खेळ. वजनासाठी योनेक्स कंपनीनं पाडलेली खूण आता दुकानात सगळेच वापरतात: ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. मुठीच्या जाडीसाठी जी४, जी५, जी६. इथं आकडा वाढला की मूठ बारीक. बारीक घेऊन वरून ग्रिप गुंडाळता येते, जाड मूठ तासता येत नाही.

वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. रॅकेट बोटावर आडवी ठेवली आणि मुठीच्या टोकापासून साधारण २८५ ते २९५ मिलिमीटरवर ती स्थिर राहिली तर समतोल. त्याहून पुढं स्थिरावली तर हेड हेवी. मागं स्थिरावली तर हेड लाइट. ऊसतोडीचा कोयता आणि गवत कापायचा विळा हातात घेऊन बघा. कोयत्याचं वजन पुढं आहे, म्हणून एका घावात कांडं तुटतं, पण घाव चुकला तर तो परत वर आणायला वेळ लागतो. बॅडमिंटनमध्ये हा परत आणायचा वेळच बहुतेकदा सामना ठरवतो, विशेषतः डबल्समध्ये, जिथं समोरून छातीवर आलेलं फूल डोळ्याचं पातं लवायच्या आत परतवायचं असतं.

पण तोलाचा आकडा फसवाही असतो. समजा, गट (म्हणजे तारा) आणि ग्रिपसकट ९५ ग्रॅमची रॅकेट २९५ मिलिमीटरवर तोलते. तिच्या मुठीवर ५ ग्रॅमची ओव्हरग्रिप गुंडाळली की तोलाचा बिंदू दहा मिलिमीटर मागं सरकतो. कागदावर हेड हेवीच्या काठावरची रॅकेट हेड लाइटच्या काठावर आली. फिरवायला ती हलकी झाली का? मुळीच नाही. फिरवताना लागणारा जोर वजन गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबानं ठरतो, आणि मुठीवरचे पाच ग्रॅम फिरण्याच्या केंद्रालगतच असतात. उलट फ्रेमच्या वरच्या भागाला एक ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवा. तोल जेमतेम तीन मिलिमीटर सरकेल, पण फिरवण्याचा जडपणा त्या पाच ग्रॅमच्या ग्रिपपेक्षा सुमारे नऊपट वाढेल. म्हणून दुकानात बोटावर तोलून बघण्यापेक्षा मनगटानं वीस-पंचवीस वेळा झपझप पुढं-मागं करून बघावं. शेवटच्या पाच वेळांत हात रेंगाळला तर ती रॅकेट तिसऱ्या गेममध्येही रेंगाळणार.

मग शाफ्ट, म्हणजे मूठ आणि फ्रेम यांना जोडणारी दांडी. कडक शाफ्ट कमी वाकतो, त्यामुळं फूल हवं तिथं जातं. पण त्यातून वेग काढायला हात विजेसारखा फिरावा लागतो. लवचीक शाफ्ट मागं वाकतो आणि फटक्याच्या क्षणी उसळून पुढं येतो, संथ हाताला मदत करतो, मात्र नेम थोडा सैल होतो. दूरदर्शनवरच्या खेळाडूची एक्स्ट्रा स्टिफ रॅकेट घेऊन सकाळी सहाला कोर्टावर उतरणारे मास्तर, डॉक्टर आणि बँकेतले साहेब महिनाभरात कोपराला पट्टा बांधून फिरताना दिसतात. कडक शाफ्ट, ताणलेली गट आणि घट्ट आवळलेली मूठ, तिन्ही एकत्र आले की कोपर बोलायला लागतं.

या मोहाला स्मॅशच्या आकड्यांनी खतपाणी घातलंय. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीनं १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथं ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून गिनीज विक्रम केला. मलेशियाच्या तान बून हेओंगचा २०१३ मधला ४९३ चा विक्रम त्यानं मोडला. आकडा खरा, पण तो योनेक्सच्या कारखान्यातला, सामन्यातला नव्हे. आणि फूल तारांवरून सुटल्या क्षणाचा. तिथून पुढं हवा त्याला इतकी झपाट्यानं अडवते की पलीकडच्या खेळाडूपर्यंत त्यातला थोडाच वेग उरतो. सात्त्विक आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांच्या जोडीकडं बघताना लोक मागून येणारा स्मॅश लक्षात ठेवतात. तो स्मॅश मारण्याजोगं फूल वर उठावं म्हणून जाळीजवळ चिराग जे करतो, ते विसरतात. कंपन्या हे विसरलेल्या नाहीत. योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ ही रॅकेट दोन रूपांत निघते: 'डी' मागून मारणाऱ्यासाठी, 'एस' जाळीवर खेळणाऱ्यासाठी. जोडी एक, कामं दोन, हत्यारं दोन.

ताब्याची परंपरा तर आपल्या घरचीच आहे. खेळाचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी लिहिले. विलायतेत काही काळ या खेळाला 'पूना'च म्हणत. सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून आले, तेव्हा परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले; १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला त्यांचाच. त्यांच्या हातात लाकडी फ्रेमची रॅकेट असे, आजच्या रॅकेटपेक्षा बरीच जड. ओल्या हवेत ती वाकू नये म्हणून खेळून झाल्यावर चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. तशा रॅकेटनं त्यांनी नाव कमावलं ते मनगटाच्या फसव्या फटक्यांवर आणि जाळीलगतच्या नाजूक खेळावर. नंतर अ‍ॅल्युमिनियम आलं, मग ग्रॅफाइट आलं, आणि वजन झपाट्यानं उतरलं. आजही विदर्भातल्या नागपूरची मालविका बन्सोड मोठ्या खेळाडूंशी झुंजते ती लांबलेल्या रॅली आणि जागा शोधण्याच्या बळावर.

रॅकेटमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे गट. पूर्वी ती जनावरांच्या आतड्यांपासून बनायची. आता नायलॉनची असते. (उस्मानाबादी शेळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकायला हरकत नाही.) सैल गट पलंगाच्या नवारीसारखी फूल उडवते, ताणलेली गट ते नेमकं पाठवते पण स्वीट स्पॉट आक्रसतो. नवख्यानं २० ते २२ पौंड, बऱ्यापैकी खेळणाऱ्यानं २४ ते २६. त्यापुढचं स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी. जाड गट टिकते, पातळ गट छान आवाज करते आणि लवकर तुटते, ०.७० मिलिमीटरची बीजी ६५ वर्षानुवर्षं खपते ती टिकाऊपणामुळंच. मुठीच्या वरच्या निमुळत्या भागावर किती पौंडांपर्यंत ताणायचं ते छापलेलं असतं, ते ओलांडू नये.

इथंही पठार मध्ये येतं. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवली की नायलॉन सैलावतं, आणि फूल आणखीच पुढं पळायला लागतं. डिसेंबरच्या गार पहाटे उलट होतं, हवा दाट, फूल जड. म्हणून माझं मत असं: रॅकेट एकच असू द्या, गट मोसमाप्रमाणं बदला. उन्हाळ्यात एक-दोन पौंड जास्त, थंडीत तेवढेच कमी. गावात चांगलं मशीन नसेल तर सोलापूर किंवा लातूरला जाणाऱ्याच्या हाती रॅकेट पाठवावी, पण हातानं अंदाजानं ओढलेली गट घेऊ नये. तिरकस ताणानं फ्रेमच वाकते.

खुल्या मैदानावर खेळणाऱ्यांसाठी यातलं निम्मं गैरलागू आहे. वाशी-भूमकडं पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. त्या वाऱ्यात पंधरा हजारांची रॅकेट आणि पाचशेची यांत फरक कळत नाही. वाऱ्यावर जुन्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे बॉल बॅडमिंटन: पिसांऐवजी लोकरीचा पिवळा गोळा, एका बाजूला पाच खेळाडू, उघडं मैदान. तंजावरच्या राजघराण्यात तो खेळला जाई असं सांगतात, आणि ते घराणं भोसल्यांचं.

किमतीचं म्हणाल तर फ्रेम आणि शाफ्ट जिथं जुळतात तिथं इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा दिसला, की ती स्टील-अ‍ॅल्युमिनियमची स्वस्तातली रॅकेट, अंगणापुरती ठीक. सांधा नसलेली अखंड ग्रॅफाइटची रॅकेट दीड-दोन हजारांपासून मिळते, आणि जिल्ह्यातल्या शंभरातल्या नव्वद खेळाडूंना तेवढी पुरते. वर जितके पैसे उरतील तितके फुलांना आणि गटिंगला लावावेत.

धाराशिवचं खेळातलं नाव मात्र रॅकेटशिवायच झालंय. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दोन खांब आणि मोकळी जमीन, त्या खेळाला एवढंच लागतं. खो-खोतून येणाऱ्या पोरींचे पाय आधीच तयार असतात: वाकणं, वळणं, एका पावलात दिशा बदलणं. अशी एखादी पोर बॅडमिंटनकडं वळली तर तिच्या हातात मी ४यू वजनाची, समतोल, मध्यम लवचीक शाफ्टची, जी५ मुठीची ग्रॅफाइट रॅकेट देईन, २२ पौंडांवर ओढलेली, आणि सोबत ७६ ची एक नळी. स्मॅश सहा महिन्यांनी शिकवता येईल. पहिले सहा महिने तिनं जाळीपासून हातभर अंतरावर फूल पाडायला शिकावं.