राज्यघटनेचा पाठ कसा द्यावा?

राज्यघटना केव्हा स्वीकारली गेली, असे विचारताच आमच्या जिल्ह्यातील मुले २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख घडाघडा सांगतात. ती कशी झाली, असे विचारावे तर वर्ग स्तब्ध! हे शिक्षण आम्ही अपुरे समजतो.

अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फियास ५५ प्रतिनिधींच्या वादातून निघाली. लहानमोठ्या राज्यांचा तंटा दोन सभागृहे निर्मून मिटविला गेला. तरी सह्या ३९ जणांनीच केल्या. नागरिकांच्या हक्कांची कलमे तर विरोधकांच्या रेट्याने १७९१ मध्ये जोडली गेली.

असाच वाद आपल्याही दाराशी झाला आहे. वर्ध्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ साली गांधीविचारानुसार घटनेचा आराखडा प्रसिद्ध केला. ग्रामपंचायत हा त्याचा पाया. उलट, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी, खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असून घटक मानावयाचा तो व्यक्तीसच, असे बजाविले. दलितांच्या अनुभवाचे बळ त्यामागे होते. अखेर पंचायतींस ४० व्या कलमात स्थान मिळाले, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. घटनात्मक दर्जा मिळण्यास १९९२ ची ७३ वी दुरुस्ती यावी लागली.

कृतीतून शिक्षण हे नयी तालीमचे तत्त्व १९३७ साली वर्ध्याच्याच परिषदेत मांडले गेले. मग शिक्षकांनी वर्गाचे दोन पक्ष करून हाच वाद मुलांकडून का करवू नये? भागीदारीचा कागद वाचल्याविना सही न करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी शाळांकडे एवढी मागणी अवश्य करावी.