मूल रोज ‘दुखतंय’ म्हणतं तेव्हा

वस्तीत घरभेटी करताना एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. मूल कधी सात-आठ वर्षांचं, कधी बारा-तेरा. एकदा पोट दुखतं, एकदा डोकं, एकदा पाय. दवाखान्यात नेलं, गोळ्या झाल्या, रक्त-लघवी तपासली, एखाद्या घरी तर उसने पैसे आणून सोनोग्राफीही केली. ‘काही निघालं नाही’ म्हणून घरी पाठवलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग घरातले म्हणतात, शाळा बुडवायला नाटक करतो. शेजारी म्हणतात, नजर लागली. आणि शाळेतून निरोप येतो, तुमच्या मुलाचं वर्गात लक्ष नसतं.

नीट पाहिलं तर या एकाच मुलाच्या तीन तक्रारी आहेत. दुखण्याची तक्रार आई ऐकते. लक्ष नसल्याची तक्रार बाई करतात. तिसरी तक्रार झोपेची. ती कुणीच करत नाही, कारण मूल रात्री किती वेळा जागं झालं हे कुणी मोजत नाही. मुलांच्या जुनाट दुखण्यावर मानसशास्त्रज्ञांनी जे संशोधन केलं आहे, त्याचं सार आपल्या घरांसाठी एवढंच आहे: या तीन तक्रारी एकमेकींत अडकलेल्या असतात. दुखण्याने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने दुखणं वाढतं आणि दोन्ही मिळून अभ्यासातलं लक्ष खातात. म्हणून मूल खोटारडं नाही आणि मंदही नाही.

आधी तपासणी, मग बाकीचं

मनाचा, झोपेचा विचार करायचा तो आजार तपासून झाल्यावरच, किंवा तपासणीच्या सोबत. सतत दुखण्यामागे बद्धकोष्ठता, जंत, रक्त कमी असणं, लघवीतला जंतुसंसर्ग, चष्म्याचा नंबर अशी साधी कारणं असू शकतात. त्यांवर इलाज आहे.

आपल्या समाजाने एक आजार मात्र कधीच विसरू नये, तो म्हणजे सिकलसेल. विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आहे तसाच बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे रक्त पोहोचत नाही तिथे भयंकर दुखतं. हातपाय, पाठ, पोट, छाती, कुठेही. लहान बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात. डोळे पिवळे दिसतात. हे दुखणं बाहेरून दिसत नाही. जखम नाही, अनेकदा सूजही नाही. म्हणून ‘काल तर खेळत होता’ असं म्हणून त्याच्यावर अविश्वास दाखवला जातो.

हा अविश्वास फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत सिकलसेलचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय आहेत. तिथल्या दवाखान्यांत त्यांच्या दुखण्यावर संशय घेतला जातो आणि त्यांना वेदनेच्या औषधासाठी जास्त वेळ ताटकळावं लागतं, हे तिथल्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. ज्याच्या शब्दाला समाजात वजन नाही, त्याच्या दुखण्यालाही वजन मिळत नाही. निदान आपल्या घरात तरी असं होऊ नये.

सिकलसेलची पहिली तपासणी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होते. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. त्यात काही आढळलं तर दुसरी, पक्की तपासणी करतात. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि त्यात आजाराचं प्रमाण जास्त असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही विचारा. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलचा रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून एका मुलाला आजार निघाला की भावंडांची तपासणी करायलाच हवी. निदान झालं तर डॉक्टर ‘हायड्रॉक्सियुरिया’ नावाचं औषध सुरू करू शकतात. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात. हे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

‘काही निघालं नाही’ म्हणजे दुखत नाही असं नाही

आता ज्यांच्या तपासणीत खरंच काही निघत नाही त्या मुलांकडे वळू. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी १००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ मध्ये ती प्रसिद्ध केली. दहांतल्या साधारण एका मुलाचं पोट पुन्हा पुन्हा, म्हणजे तीन महिन्यांत किमान तीनदा आणि रोजचे व्यवहार थांबावेत इतकं दुखत होतं. त्यांतल्या बहुतेक मुलांमध्ये शरीराचा कोणताही आजार सापडला नाही. म्हणजे हा प्रकार ना नवा आहे, ना फक्त गरिबाघरचा.

मग दुखतं का? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एक कल्पना मांडली. शरीरातून दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. ते कधी जास्त उघडतं, कधी कमी. भीती, काळजी, थकवा असला की फाटक सताड उघडतं आणि छोटा निरोपही मोठा होऊन पोहोचतो. मन रमलेलं असलं, शरीर विसावलेलं असलं की फाटक अर्धं मिटतं. पुढच्या संशोधनात या कल्पनेचे तपशील बदलले, पण मूळ गोष्ट टिकली: दुखणं किती जाणवेल हे फक्त दुखऱ्या जागेवर ठरत नाही, मेंदूही ते ठरवतो. आणि मेंदूने ठरवलेलं दुखणं तितकंच खरं असतं.

म्हणून मुलाला एक प्रश्न शांतपणे विचारा: शाळेत कुणी काही बोलतं का? जातीवरून, कपड्यांवरून, फी उरली म्हणून, सगळ्यांसमोर उभं करून? सोमवारी सकाळी दुखणारं आणि रविवारी न दुखणारं पोट नाटक करत असेलच असं नाही. ते अपमान सांगत असू शकतं.

दुखणं लक्ष का खातं

ख्रिस एक्लस्टन आणि गीर्ट क्रॉम्बेझ या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हे फार सोप्या रीतीने समजावलं. दुखण्याचं कामच मुळी माणसाला हातातल्या कामातून ओढून काढण्याचं आहे. हात भाजला तर लक्ष तिकडे जायलाच हवं, नाहीतर हात जळेल. पण दुखणं महिनोन्महिने चाललं की हा इशारा विनाकारण वाजत राहतो. शेजारी कुकरची शिट्टी सतत वाजत असताना पाढे पाठ करून बघा. जुनाट दुखणं असलेलं मूल वर्गात असंच बसलेलं असतं.

सिकलसेलच्या मुलांबाबत आणखी एक धोका आहे. काही मुलांच्या मेंदूत रक्तपुरवठा अडून बारीक इजा होतात. त्यात हातपाय लुळा पडत नाही, वेदना होत नाही, घरच्यांना काही कळत नाही. पण लक्ष देणं, लक्षात ठेवणं, कामाची आखणी करणं जड जाऊ लागतं. अशा मुलाचा अभ्यास अचानक घसरला तर शिकवणी लावण्याआधी डॉक्टरांना सांगा.

झोप: आपल्या हातातला धागा

अमेरिकेत सेसेलिया वाल्री, कॅरेन गिल आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या रोजच्या डायऱ्या तपासल्या. आज किती दुखलं, रात्री झोप कशी लागली, हे रोज लिहायचं. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: ज्या दिवशी दुखणं जास्त, त्या रात्री झोप वाईट. आणि ज्या रात्री झोप वाईट, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त. असं हे चक्र फिरत राहतं.

झोप आणि लक्ष यांचा संबंध कॅनडातल्या रेऊत ग्रुबर यांच्या प्रयोगात दिसला. ७ ते ११ वर्षांच्या ३४ निरोगी मुलांपैकी काहींना पाच रात्री थोडं लवकर झोपवलं, काहींना उशिरा. कोण कोणत्या गटात आहे हे शिक्षकांना सांगितलं नव्हतं. सरासरी २७ मिनिटं जास्त झोपलेली मुलं वर्गात शांत आणि कमी चुळबुळी झाली. साधारण ५४ मिनिटं कमी झोपलेली मुलं चिडचिडी आणि अस्वस्थ झाली. म्हणजे अर्ध्या तासाचा फरकही शिक्षकांच्या नजरेला दिसला.

डॉक्टरांच्या संघटनांनी सांगितलेलं प्रमाण असं: ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप, १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. आता आपल्या घरचा हिशेब करा. साडेअकराला टीव्ही बंद, साडेपाचला नळाला पाणी येतं म्हणून सगळे उठतात. झाली सहा तास. त्यात एकच खोली, डास, उकाडा, बाबांची रात्रपाळी, गल्लीतला डीजे. वेगळी खोली द्या, असं आम्ही सांगणार नाही. पण एवढं होऊ शकतं:

– झोपायची आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. आज ठरलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटं आधीपासून सुरुवात करा.
– झोपण्याआधी एक तास मोबाइल मुलाच्या हातात नको. टीव्ही लागलाच तर आवाज कमी, आणि मुलाचं तोंड भिंतीकडे.
– पाणी भरायला रोज त्याच मुलाला उठवू नका.
– संध्याकाळनंतर चहा नको. मच्छरदाणी जरूर लावा.
– विहारातल्या अभ्यासिकेची आणि कार्यक्रमांची वेळ ठरवताना लहान मुलांच्या झोपेचा विचार करा. हे आपणच ठरवू शकतो.

सिकलसेलच्या मुलाला लघवी जास्त होते आणि भरपूर पाणीही प्यावं लागतं. म्हणून ते रात्री उठतं किंवा अंथरूण ओलं करतं. हा आजाराचा भाग आहे. त्यासाठी मारू नका, लाजवू नका. मूल मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आईने किती विचारावं?

अमेरिकेतल्या लिन वॉकर यांचा २००६ चा प्रयोग प्रत्येक आईने ऐकावा असा आहे. मुलांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी प्यायला दिलं. मग काही पालकांना सांगितलं, मुलाच्या त्रासाकडे लक्ष द्या, विचारपूस करा. काहींना सांगितलं, दुसऱ्या विषयावर बोला. काहींना काहीच सांगितलं नाही. त्या तिसऱ्या गटाच्या तुलनेत विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, आणि दुसऱ्या गोष्टीत गुंतवलेल्या मुलांच्या निम्म्या झाल्या. पालकांना वाटत होतं, विषय बदलणं मुलाला बाधेल. पोटदुखी असलेली मुलं मात्र म्हणाली, त्याने बरं वाटलं.

याचा अर्थ दुर्लक्ष करा असा मुळीच नाही. एकदा नीट ऐका, विश्वास ठेवा, मग मन दुसरीकडे न्या. ‘अजून दुखतं का? आता? आता कसं आहे?’ असं दर दहा मिनिटांनी नको. त्याऐवजी म्हणा, ‘दुखतंय, मला कळलं. शेक घेऊ, आणि मग तू मला कालची गोष्ट सांग.’ गाणं, चित्र, सावकाश पोटातून श्वास, आजीसोबत शेंगा सोलणं, काहीही चालेल. तपासणी होऊन काळजीचं कारण नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर शाळा पूर्ण बंद करू नका. अर्धा दिवस तरी पाठवा. घरी बसलेल्या मुलाला दुखण्याशिवाय दुसरं काम उरत नाही, आणि शाळा एकदा सुटली की परत धरणं आपल्या मुलांना किती अवघड जातं, हे वेगळं सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मुलांच्या जुनाट दुखण्यासाठी सूचना काढल्या. त्यांत तीन वाटा आहेत: शरीराची हालचाल-व्यायाम, मानसिक उपचार, आणि गरजेपुरतं औषध. म्हणजे मेडिकलमधून रोज गोळी आणून देणं हा उपाय नाही. मानसिक उपचार म्हणजे वेड्याचा इलाज, हा समजही सोडू या. जिल्हा रुग्णालयात समुपदेशकाची चौकशी करा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं.

हे दिसलं तर थांबू नका

– वजन घटणं, वाढ खुंटणं, शौचात रक्त, सतत उलट्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सांधा सुजणं: लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा. पोट एकाच बाजूला दुखून वाढत चाललं असेल, तर त्याच दिवशी न्या.
– सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, नजर अंधुक होणं: त्याच दिवशी न्या.
– सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणं, धाप, डाव्या बाजूला पोट अचानक फुगून मूल पांढरं पडणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं: लगेच १०८ ला फोन करा.
– सिकलसेलच्या दुखण्यावर बर्फ लावू नका. कोमट शेक द्या, पाणी पाजा, थंडीपासून जपा.

सुरुवात एका जुन्या वहीने करा. दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, कुठे आणि किती दुखलं, त्या दिवशी शाळेत काय झालं. आईला लिहिता येत नसेल तर मोठं भावंड लिहील. ही वही डॉक्टरांनाही दाखवा आणि वर्गशिक्षकांनाही. दवाखान्यात आपल्याला दोन मिनिटं मिळतात. वही हातात असली की तेवढ्यातही डॉक्टरांना दुखणं आणि झोप यांचा मेळ दिसू शकतो, आणि ‘नाटक करतो’ असं म्हणणाऱ्याला दाखवायला लिहिलेला पुरावा असतो.