‘डिस्रप्ट’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व व्यवहार

वडील पूजेला बसलेले असोत वा मुलगा परीक्षेच्या अभ्यासांत गढलेला असो, ‘त्यांना डिस्टर्ब करूं नका’ असें आतां घरांतील आजीहि सांगते, आणि हा शब्द परका आहे याचें तिला भान नसतें. ‘इंटरप्ट’ सभांतून व वादविवादांतून ऐकूं येतो. या दोघांच्या पाठोपाठ ‘डिस्रप्ट’ हें तिसरें क्रियापद अलीकडे मराठी सुशिक्षितांच्या बोलण्यांत शिरलें आहे. मात्र पहिल्या दोघांसारखें त्याचें बस्तान नीट बसलेलें नाहीं. सकाळीं वर्तमानपत्र उघडावें, तों एका पानावर पावसानें आगगाड्यांची वाहतूक ‘डिस्रप्ट’ झाली म्हणून हळहळ. पान उलटावें, तों अमक्या कंपनीनें अमका धंदा ‘डिस्रप्ट’ केला म्हणून तिचें कौतुक. एकच शब्द एका पानावर आपत्ति आणि दुसऱ्या पानावर पराक्रम कसा होतो, हें समजण्यासाठीं त्याच्या घराण्याची थोडी चौकशी करणें भाग आहे.

हीं तिन्ही क्रियापदें एका अर्थाचीं नाहींत. ‘डिस्टर्ब’ म्हणजे ढवळणें. त्याच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दांत गलबल्याचा, खळबळीचा भाव आहे. ढवळलेलें पाणी कांहीं वेळानें निवळतें, तसा डिस्टर्ब झालेला माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. ‘इंटरप्ट’ म्हणजे मध्येंच तोडणें. बोलणाऱ्याचा धागा तुटतो, पण तुटल्या जागीं गांठ मारून तो पुढें नेतां येतो. ‘डिस्रप्ट’ची जात निराळी. जेथें अनेक गोष्टी एकमेकींना धरून ठराविक क्रमानें चाललेल्या असतात, तेथेंच हें क्रियापद शोभतें. रेल्वेचें वेळापत्रक, भरलेला वर्ग, मालाचा पुरवठा, विधिमंडळाचें कामकाज, हे त्याचे नेहमींचे विषय होत. ‘तुम्ही मला डिस्रप्ट केलें’ असें कोणी म्हणाला, तर इंग्रजाच्या कानाला तें खटकेल. मराठींतहि माणसाची घडी विस्कटत नाहीं. विस्कटते ती त्याच्या दिवसाची, नाहीं तर संसाराची.

सन २०२१ च्या मार्च महिन्यांत ‘एव्हर गिव्हन’ नांवाचें एक अजस्र जहाज सुवेझच्या कालव्यांत आडवें रुतलें आणि सहा दिवस ती वाट बंद झाली. रुतलें एकच जहाज, पण त्याच्या पाठीमागें शेंकडों जहाजें खोळंबलीं, दूरदूरच्या बंदरांतील पाळ्या चुकल्या आणि कारखान्यांना माल उशिरां पोंचला. वाट मोकळी झाल्यावरहि ती विस्कटलेली घडी लगेच बसली नाहीं. क्रियापदाचा मूळचा व्यवहार समजण्यास यापेक्षां नमुनेदार प्रसंग सांपडणें कठीण.

आतां व्युत्पत्ति. लॅटिनमधील ‘रुम्पेरे’ या धातूचा अर्थ मोडणें, फोडणें असा आहे, आणि ‘डिस्’ हा उपसर्ग तुकडे अलग झाल्याचें सुचवितो. या धातूचा गोतावळा मोठा आहे. ज्वालामुखी बाहेर फुटतो तें ‘इरप्शन’. आंतून मोडून नासतो तो ‘करप्ट’. कडा तुटावा तसें एकाएकीं थांबतें तें ‘अब्रप्ट’. आणि ‘बँकरप्ट’ हा शब्द तर सावकाराच्या मोडक्या बांकाचें इटालियन नांव पाठीवर घेऊन आला आहे. संस्कृतांतील ‘लुप्’ हा धातु याचाच चुलतभाऊ होय, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याचाहि जुना अर्थ मोडणें, हिसकावून घेणें असाच होता. परंतु व्याकरणांत लोप म्हणजे दिसेनासें होणें असें पाणिनीनें ठरविलें, आणि आज ‘लुप्त झालें’ म्हणतांना कोणी तरी कांहीं तरी मोडलें होतें, ही आठवण उरत नाहीं. इंग्रजींत ‘डिस्रप्शन’ हें नाम पंधराव्या शतकांत आलें तें वैद्यकांतून, शरीराचा भाग फाटणें या अर्थानें. क्रियापद सतराव्या शतकांतलें. पण एकोणिसावें शतक उजाडेपर्यंत तें क्वचितच कोणी वापरी.

त्याच शतकांत स्कॉटलंडच्या इतिहासानें हा शब्द एका घटनेचें विशेषनाम करून टाकला. तेथील प्रस्थापित चर्चमध्यें पाळकाची नेमणूक करण्याचा हक्क जमीनदार आश्रयदात्यांकडे असे. मंडळीच्या इच्छेविरुद्ध पाळक लादतां येतो काय, यावरून दहा वर्षें झगडा चालला. शेवटीं ता. १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथें वार्षिक महासभा भरली असतां अध्यक्ष डॉ. डेव्हिड वेल्श यांनीं निषेधपत्र वाचून टेबलावर ठेवलें आणि ते सभागृहाबाहेर पडले. त्यांच्या मागोमाग डॉ. टॉमस चामर्स व इतर पाळक निघाले. सुमारें बाराशें पाळकांपैकीं साडेचारशेंहून अधिक जणांनीं चर्च सोडलें. सोडलें म्हणजे केवळ मत दिलें नाहीं. ठरलेलें वेतन गेलें, राहतें घर गेलें, ज्या मंदिरांत आयुष्य घालविलें त्याचें दार बंद झालें. या फुटीलाच स्कॉटिश लोक ‘दि डिस्रप्शन’ म्हणतात. तिचे धक्के हिंदुस्थानापर्यंत पोंचले. मुंबईंत चौपाटीवरील महाविद्यालयाला ज्यांचें नांव आहे ते डॉ. जॉन विल्सन नव्या फ्री चर्चच्या बाजूस गेले, कलकत्त्यास डॉ. अलेक्झांडर डफ यांनीं स्वतः उभारलेल्या संस्थेची इमारत सोडली आणि दुसरी संस्था आरंभापासून उभी केली. त्या दोन्ही संस्था १९०८ सालीं पुन्हा एकत्र आल्या. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. मोडणाऱ्यांनीं प्रथम स्वतःचें घर मोडलें होतें.

आजच्या बाजारांत जो अर्थ चालतो, तो मात्र एका प्राध्यापकाच्या लेखणींतून निघाला आहे. हार्वर्ड येथील क्लेटन ख्रिस्तेनसेन यांनीं १९९५ मध्यें जोसेफ बोवर यांच्यासह एक लेख लिहिला व १९९७ मध्यें ‘दि इनोव्हेटर्स डायलेमा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा नेमका होता. मोठा, जुना कारखानदार आपल्या चांगल्या गिऱ्हाइकांच्या मागण्या पुरविण्यांत गुंतलेला असतो. अशा वेळीं कोणी तरी स्वस्त, साधी, प्रथम हिणकसच वाटणारी वस्तु घेऊन बाजाराच्या तळाशीं शिरतो. जुना कारखानदार त्या किरकोळ नफ्याकडे पाहत नाहीं; नवा मात्र हळूहळू वस्तु सुधारीत वर चढतो, आणि एके दिवशीं जुन्याच्या पायाखालची जमीनच नाहींशी होते. संगणकांच्या तबकड्या आणि भंगारापासून पोलाद करणाऱ्या छोट्या भट्ट्या हीं त्यांचीं मुख्य उदाहरणें. या भट्ट्या आरंभीं बांधकामाच्या हलक्या सळयांवर समाधानी होत्या.

ग्रंथांतून बाजारांत येतांना शब्दाची ही काटेकोर धार बोथट झाली. कोणताहि नवा उद्योग स्वतःला ‘डिस्रप्टर’ म्हणवूं लागला. २०१४ मध्यें इतिहासकार जिल लेपोर यांनीं या सिद्धान्तावर व त्याच्या पुराव्यावर कडक टीका केली. २०१५ मध्यें खुद्द ख्रिस्तेनसेन यांनींच सहकाऱ्यांसह लिहून स्पष्ट केलें कीं, भाड्याच्या मोटारी पुरविणारी ‘उबर’ ही कंपनी त्यांच्या व्याख्येंत बसत नाहीं. परंतु शब्द एकदां चौकांत गेला कीं जन्मदात्याचें कोण ऐकतो?

या सैल अर्थाचें एक उदाहरण आपल्याकडचें आहे. १९९० नंतरच्या दशकांत गल्लोगल्लीं पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ निघाले. अपंगांना ते देतांना प्राधान्य असे. एका टेलिफोनवर आणि एका लांकडी खोक्यावर अनेक कुटुंबें उभीं राहिलीं. पुढें खिशाखिशांत मोबाइल आला आणि तीं खोकीं एकामागून एक बंद पडलीं. मोबाइलनें गरिबाचें भलें केलें हें खरेंच. गांवाकडच्या आईशीं बोलण्यासाठीं रात्रीं स्वस्त दराची वाट पाहत रांगेंत उभें राहण्याचे दिवस कोणालाहि परत नको आहेत. परंतु या घटनेचें वर्णन इंग्रजींत ‘बूथचा व्यवसाय डिस्रप्ट झाला’ असें होतें, आणि खोकेंवाल्याची बायको शेजारणीला सांगते, ‘आमचा धंदा बसला.’ पहिल्या वाक्यांत माणूस नाहीं, आणि तो असूंहि शकत नाहीं, कारण वर पाहिल्याप्रमाणें या क्रियापदाला माणूस हें कर्मच मानवत नाहीं. दुसऱ्या वाक्यांत ‘आमचा’ हा शब्द अगोदर येतो.

म्हणून भाषांतर करतांना प्रसंग पाहावा. मराठींत शब्दांचा तुटवडा नाहीं. कामांत ‘व्यत्यय’ येतो, झोपेचा व समाधीचा ‘भंग’ होतो, प्रवाशांचा ‘खोळंबा’ होतो, सभा ‘उधळली’ जाते, व्यवस्थेचा ‘बोजवारा’ उडतो, वाहतूक ‘विस्कळीत’ होते. या शेवटच्या शब्दावर वर्तमानपत्रांचा फार भर असतो; तीन गाड्या उशिरां धांवल्या तरी ‘विस्कळीत’ आणि २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून उपनगरी गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, लोक गळ्याइतक्या पाण्यांतून घरीं चालत गेले, तरीहि ‘विस्कळीत’. त्या दिवशीं वाहतूक ‘ठप्प’ झाली होती. आणि नव्या कंपनीनें जुना धंदा ‘डिस्रप्ट’ केला, असें वाक्य पुढें आल्यास भाषांतरकारानें एवढेंच ठरवावें कीं धंद्याची रीत पालटली, कीं तो कोणाच्या हातून कोणाच्या हातांत गेला, कीं तो बुडाला. या तिन्हींसाठीं मराठींत तीन निरनिराळीं वाक्यें लिहावीं लागतात, आणि तीं लिहितांना बातमीचा अर्धा भाग अजून मिळावयाचा आहे, असें बहुधा आढळून येतें.