झोपलेला दोन नंबर

मामांचा ट्रॅक्टर ३५ हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा. डिसेंबरातल्या एका सकाळी सिन्नरकडच्या त्यांच्या वस्तीवर तो चालू केला आणि पहिल्या पाच सेकंदांतच कळलं, आज याचं काही बरं नाही. एरवी एकसारखा पडणारा ठोका लंगडत होता. दोन पडायचे, तिसऱ्याच्या जागी पोकळी. बॉनेट थरथरत होतं, मडगार्ड खडखडत होतं आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या पांढरट धुराने डोळे चुरचुरत होते. मेकॅनिकच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात.

मिस्त्री आले, त्यांनी पानापेटी खाली ठेवली आणि बराच वेळ नुसतं ऐकत उभे राहिले.

“अण्णा, रेस देऊ नका. हळूच राहू द्या,” ते मामांना म्हणाले. मग १७ नंबरचा पाना घेऊन एक नंबरच्या इंजेक्टरवर येणाऱ्या लोखंडी पाइपचं नट त्यांनी अर्धा आटा ढिलं केलं. तिथून डिझेल फसफसलं आणि इंजिन बंद पडतंय की काय इतकं खाली बसलं. नट आवळलं, इंजिन सावरलं. तीन नंबरला तेच केलं, तेच झालं. दोन नंबरचं नट ढिलं केलं. डिझेल तिथूनही फसफसलं, पण इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही.

“दोन नंबर झोपलाय.”

मी ही गोष्ट लहानपणापासून पाहत आलोय आणि दर वेळी तितकाच हरखून जातो. गप्प कोण आहे हे शोधायचं तर एकेकाला गप्प करून पाहायचं. ज्याच्या गप्प होण्याने काहीच बदलत नाही, तो आधीपासूनच गप्प होता. ना मीटर, ना कॉम्प्युटर. एक पाना आणि दोन कान.

त्या नटातून फसफसलेलं डिझेल आतमध्ये काय करत असतं ते समजलं की हा साधा पानाही वेगळा दिसू लागतो. हळू चालीत हे इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे तिघांचे मिळून मिनिटाला ११२५ स्फोट, सेकंदाला जवळपास १९. आता तासाला लिटरभर डिझेल जळतं असं धरा आणि भागाकार करा. एका वेळी आत जाणारं डिझेल भरतं १५ घनमिलिमीटर. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! तेवढ्याचंही धुकं करून, दोन-तीन मिलिसेकंदांत, पिस्टन वर पोहोचता पोहोचता ते आत सोडायचं असतं. सेकंदाला १९ वेळा, दिवसभर, धुळीत.

आणि ते पेटवायला आत ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, ते आठवा. दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनात तीच हवा आपल्या मूळ जागेच्या सोळा-सतराव्या हिश्श्यात कोंबली जाते आणि ५०० अंशांच्या वर तापते. डिझेल अडीचशेच्या आसपासच आपोआप पेट घेतं. त्यामुळे फवारा त्या हवेत शिरला की आग लागतेच. रुडॉल्फ डिझेलने या कल्पनेचं पेटंट १८९२ साली मागितलं. जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३मध्ये पहिला प्रयोग झाला, पण इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं नाही. १८९७च्या चाचणीत मात्र त्याने इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लावून दाखवली, आणि त्या काळची वाफेची इंजिनं त्याच्या जवळपासही नव्हती.

पण डिझेलला स्वतःला एक गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे हा इवलासा थेंब आत घालणं. तो इंधन उडवायला दाबलेली हवा वापरायचा आणि त्यासाठी इंजिनाला बोजड कॉम्प्रेसर जोडावा लागायचा. एवढं धूड शेतात कोण नेणार? १९१३ साली बोटीने इंग्लंडला जाताना तो नाहीसा झाला. त्याच्या इंजिनाला लागणारा छोटा, नेटका पंप रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला तो १९२७पासून. माझ्या मते डिझेल इंजिन शेतापर्यंत आणण्यात या पंपाचा वाटा इंजिनाच्या शोधाहून कमी नाही.

आपल्याकडे त्याला ‘मायको पंप’ म्हणतात. मोटर इंडस्ट्रीज कंपनी या बॉशच्या भारतीय कंपनीचं ते छोटं नाव. कंपनीने नाव बदललं, तरी नाशिकच्या रिक्षावाल्याला अजून ‘मायको सर्कल’च सांगावं लागतं, आणि तिथल्याच सातपूरच्या कारखान्यात नोजल आणि इंजेक्टर बनतात. पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक बोटाएवढा दट्ट्या असतो. दट्ट्या आणि त्याच्या नळीत फट असते दोन-तीन मायक्रॉनची, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणूनच तिथे रबरी सील वगैरे काही लागत नाही, घासून केलेली ती जवळीकच पुरते. दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी खाच असते. तो दर वेळी सारखाच वर-खाली होतो, पण आपण रेस दिली की स्वतःभोवती किंचित फिरतो, आणि खाच कुठे उघडते त्यावर किती डिझेल पुढे जायचं ते ठरतं. मामा अंगठ्याने रेसचा दांडा सरकवतात तेव्हा तीन दट्टे एकाच मापाने वळतात.

हा दट्ट्या डिझेलला वायुमंडळाच्या दाबाच्या पावणेदोनशे-दोनशे पट दाबतो, तेव्हा कुठे इंजेक्टरमधली सुई स्प्रिंगविरुद्ध उचलली जाते, तीही पाव मिलिमीटर. आता मिसिंगचं आणखी एक कारण, मेकॅनिक ज्याला ‘हवा धरली’ म्हणतात, ते म्हणजे काय ते पाहा. डिझेल दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून रेट्याचा सगळा जोर सुईपर्यंत पोहोचतो. पाइपात हवेचा बुडबुडा असला तर दट्ट्या त्यालाच दाबत बसतो. बुडबुडा आकसतो, पुन्हा फुगतो आणि सुई जागची हलत नाही.

ही हवा शिरते कुठून हे शोधणं सगळ्यांत चिकाटीचं. टाकीतलं डिझेल खाली गेलं, जाळी तुंबली, की टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या अलीकडच्या पाइपात ओढ तयार होते. तिथला वॉशर दबला असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, म्हणून माणूस फसतो. टाकीच्या झाकणाचं छिद्र चिखलाने बुजलं तरी असंच. ट्रॅक्टर अर्धा तास छान चालतो, मग खोकू लागतो. झाकण सैल केलं आणि ‘फुस्स’ आवाज येऊन इंजिन सुधारलं, तर दुखणं तिथेच. पानापेटी उघडण्याआधी मिस्त्रींनी झाकण उघडून पाहिलं होतं, फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढलं होतं, एअरही काढली होती. हे मी उशिरा सांगतोय, पण करायचं सगळ्यांत आधी.

दोन नंबरला डिझेल पोहोचत होतं, म्हणजे पंपाचा संशय बराच मिटला. उरले इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन. मिस्त्रींनी एक आणि दोन नंबरचे इंजेक्टर काढले आणि अदलाबदल करून बसवले. काढताना भोकाच्या तळाशी चिकटलेला तांब्याचा जुना वॉशर त्यांनी आठवणीने उपसला. तो राहिला आणि वर नवा बसला, तर नोजल वॉशरच्या जाडीएवढं उचललं जातं आणि फवारा भलतीकडे जातो. इंजिन पुन्हा चालू केलं. लंगडणं तसंच, पण आता नट ढिली करून पाहिली तर एक नंबर झोपला होता आणि दोन नंबर खणखणीत बोलत होता. दुखणं इंजेक्टरबरोबर चालत गेलं. ते दोन नंबरलाच राहिलं असतं, तर टॅपेट आणि हेड उघडायची वेळ होती. दहा मिनिटांच्या अदलाबदलीने हजारोंचं काम वाचलं.

दुपारी सिन्नरच्या पंपवाल्याकडे तो इंजेक्टर टेस्टरवर लावला. हातदांडा दाबला की चांगलं नोजल करकरतं आणि त्याच्या प्रत्येक बारीक छिद्रातून धुक्याचा सरळ झोत निघतो. आमच्या नोजलच्या एकाच छिद्रातून पिचकारी उडाली आणि टोकाशी थेंब लोंबत राहिला. सुई गंजून अडकली होती. पावसाळाभर बॅरलमध्ये ठेवलेल्या डिझेलमधलं पाणी तिथवर पोहोचलं होतं. नवं नोजल बसलं, दाब जुळवला, संध्याकाळी ठोका सरळ झाला.

घरी हे करून पाहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. नट ढिलं करताना त्यावर फडकं टाका आणि तोंड बाजूला ठेवा. नोजलचा फवारा पाहायचा असेल तर तो टेस्टरवरच, आणि हात कधीही त्याच्या समोर धरू नका. इतक्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतलं मांस मरत जातं आणि बोट गमावायची वेळ येते. तसं झालंच, तर हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना सांगा, डिझेल दाबाने आत गेलंय.