शाळेचे आवार आणि गाव

शाळेची इमारत उभी राहिली म्हणजे शाळा पूर्ण झाली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. भोवतालची मोकळी जागा ही केवळ उरलेली जागा मानली जाते. वस्तुतः मुलांचे खेळणे, भांडणे, समेट करणे आणि निसर्ग पाहणे हे सारे याच जागेत घडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने क्रीडांगण व कुंपण शाळेस आवश्यक ठरविले आहे. परंतु आवाराची आखणी उत्तम होणे हे शिक्षक व ग्रामस्थ यांच्या विचारावर अवलंबून आहे.

पावसाळ्याच्या आरंभी मोठ्या उत्साहाने रोपे लावली जातात आणि पुढील उन्हाळी सुटीत त्यांतील कित्येक वाळून जातात. हा दोष रोपांचा नव्हे. सुटीत पाणी कोणी घालावे हे ठरलेले नसते, आणि जागा निवडताना तिचा नित्य वापर करणाऱ्यांस कोणी विचारलेले नसते. पायवाटेवर लावलेले रोप तुडविले जाणारच.

या बाबतीत नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम शहराचे उदाहरण बोधप्रद आहे. महायुद्धानंतर १९४७ मध्ये तेथील नगरपालिकेत काम करणारे वास्तुविशारद आल्डो व्हॅन आइक यांनी एका चौकात मुलांसाठी साधे क्रीडांगण आखले. रुंद कठड्याचा वाळूचा हौद, कोलांट्यांसाठी लोखंडी दांड्या आणि वडील माणसांसाठी बाके, एवढेच त्यांचे साहित्य असे. ते पाहून इतर वस्त्यांतील नागरिक आपल्याकडेही अशी जागा व्हावी म्हणून नगरपालिकेस पत्रे लिहू लागले. १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. साधने थोडी होती. परंतु मागणी लोकांची होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या खेड्यांतही आरंभ निरीक्षणाने करावा. मुले कोठे धावतात, पावसाचे पाणी कोठून वाहते, दुपारी सावली कोठे पडते, ग्रामस्थ आवारातून कोणत्या वाटेने जातात, हे आठवडाभर पाहून वरच्या वर्गातील मुलांकडून आवाराचा नकाशा काढून घ्यावा. भूगोल व गणित या दोहोंचा तो उत्तम पाठ होईल. त्यानंतरच खड्डे खणावेत.

दुपारचे ऊन पश्चिमेकडून येते. म्हणून त्या बाजूस कडुनिंब वा करंज लावावा. वड व पिंपळ इमारतीपासून दूर असावेत, कारण त्यांची मुळे भिंतीस तडे पाडतात. खेळाचे मैदान मधोमध मोकळे ठेवावे. छपराचे पाणी वाया जाऊ देऊ नये: १०० चौरस मीटर छपरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला तर सुमारे १,००० लिटर पाणी मिळते. ते चराने झाडांच्या आळ्यांकडे वळवावे. कुंपणास अडुळसा चांगला, कारण गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. मोगली एरंड व पिवळी कण्हेर मात्र आवारात मुळीच नसावीत. त्यांच्या बिया विषारी असतात आणि लहान मुले त्या सहज तोंडात घालतात.

राहिला प्रश्न देखभालीचा. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. रोपे लावण्यापूर्वीच समितीच्या सभेत प्रत्येक झाडाचे पालकत्व शाळेजवळ राहणाऱ्या एकेका कुटुंबाकडे द्यावे आणि सुटीतील पाण्याचे वार ठरवून ते फलकावर लिहावेत. जेवढ्या झाडांना पाणी देणारे हात मिळतील, तेवढीच झाडे लावावीत. पन्नास रोपे लावून दोन जगविण्यापेक्षा दहा लावून दहाही जगविणे अधिक श्रेयस्कर होय. त्या दहा झाडांच्या सावलीत सकाळी वर्ग भरेल आणि सायंकाळी गावातील वृद्ध मंडळी विसावतील. असे आवार राखण्यास गावाला वेगळे सांगावे लागत नाही.