आधी निदान, मग नवा पार्ट

आमच्या वस्तीतील एका टॅक्सीचालक बंधूंच्या गाडीत इंजिन तापल्याचा लाल दिवा वारंवार लागे. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग पाण्याचा पंप. पैसे गेले, धंदा बुडाला. दिवा मात्र लागतच राहिला. अखेर आम्ही त्यांच्यासोबत दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. पाना हाती घेण्याआधी त्याने विचारले, "इंजिन खरेच तापते, की नुसता दिवा लागतो?"

खरे निदान इथूनच सुरू होते. दिवा लागताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे व पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडते. थंड झाल्यावर कूलंट पाहावे. कमी असल्यास गळती शोधावी. गाडी उभी असतानाच तापत असेल, तर पंख्याचा फ्यूज, रिले व मोटार तपासावी. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात धरला की उघडतो का, ते डोळ्यांनी दिसते. हे सर्व ठीक असेल, तर सेन्सर व त्याची वायर तपासावी.

मेकॅनिकने तापमान मोजले. इंजिन तापलेले नव्हते. सेन्सरच्या वायरीचे आवरण झिजून ती इंजिनला टेकत होती. वायर दुरुस्त झाली, दिवा विझला. जुने दोन्ही पार्ट विनाकारण भंगारात गेले होते.

बंधू-भगिनींनो, पार्ट बदलण्याआधी "कशावरून?" असे जरूर विचारा. घामाचा पैसा अंदाजावर घालवू नका.